पॉलिश उतरले की ओरखडे परत : गाडीच्या रंगाची दुरुस्ती का टिकत नाही

दिवाळीपूर्वी गाडीला बफिंग (मशिनने पॉलिश) करून घ्यावे, आठ-पंधरा दिवस ती नव्यासारखी चकाकावी आणि संक्रांत येईतो बॉनेटवर तेच कोळिष्टकासारखे बारीक गोल ओरखडे पुन्हा दिसू लागावेत, हा अनुभव मी माझ्या गडद निळ्या गाडीच्या बाबतीत सलग तीन वर्षे घेतला. त्याच काळात मागच्या दाराच्या खालच्या कडेला टचअप (तेवढ्याच जागेपुरता रंग) केलेला एक ठिपका दर पावसाळ्यानंतर फुगून वर येत असे आणि दर हिवाळ्यात मी त्यावर नवा रंग लावत असे. नागपुरातल्या आमच्या इमारतीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीची अशीच एखादी तक्रार आहे. दुरुस्ती होते, पैसे जातात, आणि काही महिन्यांत दोष परत येतो.

या परतीच्या दोषाची मुळे माझ्या मते दोनच आहेत. एक तर ज्या थरावर दुरुस्ती व्हायला हवी होती त्या थरापर्यंत ती पोहोचलेलीच नसते, किंवा ओरखडे पाडणारे कारण रोज सकाळी पुन्हा गाडीपाशी येऊन उभे राहते. म्हणून कोणतीही बाटली किंवा डबी उघडण्यापूर्वी दोष किती खोल आहे आणि तो कशाने झाला, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात.

ओरखडा, चरा की टवका

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया झाल्यावर संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने पहिला गंजरोधक थर चढवतात; त्याची जाडी सुमारे २० मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर ३० ते ४० मायक्रॉनचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर येतो, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा १५ ते २० मायक्रॉनचा थर आणि सर्वांत वर ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट किंवा नुसते क्लिअर म्हणतात. सगळे मिळून साधारण १०५ ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून थोडेसेच अधिक. गाडीची चकाकी या वरच्या पारदर्शक थरात असते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्येही त्याच थरात मिसळलेली असतात. खालचा रंग स्वतः मंद आणि निस्तेज असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मराठीत या दोषांना तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला भेद दुरुस्तीसाठी उपयोगी पडतो. पारदर्शक थरातच राहिलेली बारीक रेघ म्हणजे ओरखडा. रंगापर्यंत किंवा प्रायमरपर्यंत गेलेली खोलगट रेघ म्हणजे चरा. आणि खडी उडून किंवा दार भिंतीला लागून रंगाचा तुकडाच निघाला तर तो टवका. ओळखण्यासाठी आधी ती जागा स्वच्छ धुऊन कोरडी करावी, कारण मातीने भरलेली रेघ नेहमी आहे त्यापेक्षा खोल भासते. मग त्यावर थोडे पाणी शिंपडावे. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर ती पारदर्शक थरातच आहे. नंतर बोटाचे नख रेघेला आडवे, हलक्या हाताने फिरवावे. नख अडकले नाही तर पॉलिशने काम होण्याची शक्यता पुष्कळ असते. नख अडकले तर केवळ पॉलिशने ती रेघ जाणार नाही, आणि ती घासून घालवण्याचा हट्ट केला तर आजूबाजूचा चांगला थर झिजतो. तळाशी करडा किंवा पांढुरका रंग दिसला तर प्रायमर उघडा पडला आहे. चकचकीत धातू किंवा तपकिरी डाग दिसला तर पत्रा उघडा आहे आणि त्याची दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलणे योग्य नाही. बंपरवर तळाशी काळा रंग दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही.

आणखी एक प्रकार असा आहे की जो मुळात ओरखडाच नसतो. सीताबर्डीच्या गर्दीत दुसऱ्या वाहनाचा बंपर किंवा इतवारीच्या अरुंद गल्लीत रंगवलेला खांब घासून गेला, तर बऱ्याचदा त्याचा रंग आपल्या गाडीवर चढलेला असतो. पांढऱ्या गाडीवरचा तो लांब काळा पट्टा पाहून माणूस थेट डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातो आणि अख्खे दार रंगवून आणतो. मऊ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, आणि तेवढ्याने न भागल्यास थोडे बारीक कंपाउंड (थर किंचित झिजवणारी पेस्ट) घेऊन, ती जागा शांतपणे पुसून पाहावी. आमच्या शेजारच्या काकूंच्या गाडीवरचा हातभर पट्टा अशा पुसण्याने दहा मिनिटांत गेला आणि खाली फक्त दोन किरकोळ रेघा उरल्या. या कामासाठी थिनर मात्र वापरू नये, कारण तो प्लास्टिकला आणि पूर्वी टचअप केलेल्या जागेला विरघळवतो.

बॉनेटवरचे गोल ओरखडे पुन्हा का येतात

हा नागपुरातला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे आणि गडद रंगाच्या गाड्यांवर तो सर्वांत ठळक दिसतो. प्रत्यक्षात हे ओरखडे गोल नसतात. ते सर्व दिशांना पडलेले असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्यांची दिशा प्रकाश परावर्तित करण्यास अनुकूल असते तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळे दिसतात. ढगाळ दिवशी किंवा वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत. यामुळे गाडी ताब्यात घेताना सगळे ठीक वाटते आणि दुसऱ्या दिवशी वर्धा रोडवर सकाळच्या उन्हात ते नजरेस पडतात. तपासणीसाठी गाडी उन्हात घ्यावी, नाही तर मोबाइलची बॅटरी लावून तिरप्या कोनातून पाहावे.

बफिंगनंतर ते नाहीसे झाल्यासारखे दिसतात याचे कारण बहुतेक वेळा असे असते की पॉलिशमधील तेल, मेण आणि भराव करणारी द्रव्ये रेघांमध्ये जाऊन बसतात. रेघ भरली की प्रकाश विखुरत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत भासतो. पण चार-सहा धुण्यांत, आणि आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही लवकर, हा भराव निघून जातो व खालची रेघ जशीच्या तशी उघडी पडते. म्हणजे ओरखडा परत आलेला नसतो, तो तिथेच होता. याची खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे : बफिंग झाल्यावर बॉनेटचा वीतभर भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून पुसावा आणि मग उन्हात पाहावा. तेवढ्याच भागात रेघा दिसू लागल्या तर काम भरावाचे झाले आहे. मी आता पैसे देण्यापूर्वी ही चाचणी कारागिरासमोर करतो, आणि आधी सांगून ठेवल्यामुळे त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे पारदर्शक थराचा वरचा अगदी पातळ भाग झिजवून तो रेघेच्या तळापर्यंत समतल करणे. इथे संयम लागतो. एका जोरकस कंपाउंडिंगमध्ये या थराचे दोन ते पाच मायक्रॉन सहज जातात आणि एकूण थर ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो. शिवाय अतिनील किरण अडवण्याचे काम जेवढ्या जाडीवर अवलंबून आहे तेवढी जाडी शिल्लक राहिली पाहिजे. ती फार कमी झाली की नागपूरच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत छताचा आणि बॉनेटचा पारदर्शक थर पांढरट पडून त्याचे पोपडे निघू लागतात. दरवर्षी दिवाळीला कंपाउंडिंग करून घेणारा माणूस आपल्या गाडीच्या रंगाचे आयुष्य दरवर्षी थोडे थोडे काढून देत असतो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. पोपडे एकदा सुरू झाले की त्यावर कोणतेही पॉलिश, कोटिंग किंवा टचअप चालत नाही. तो संपूर्ण भाग घासून नव्याने रंगवावाच लागतो. म्हणून कंपाउंडिंग संपूर्ण गाडीच्या आयुष्यात मोजक्या वेळा करावे, आणि प्रत्येक वेळी सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ पॅडपासून सुरुवात करून, ते पुरले नाही तरच एक पायरी वर जावे. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर थर मुळातच पातळ असतो, तिथे मशिन टेकवू नये. मास्किंग टेप लावून त्या रेषा झाकून घ्याव्यात.

आता कारणाकडे वळावे. आमच्या आवारात पहाटे साडेपाचला गाड्या पुसायला येणारे भाऊ एका बादलीत आणि एका फडक्यात चौदा गाड्या उरकत असत. नागपूरच्या धुळीत माती असते, सिमेंटच्या रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या कामांतून उडालेली भुकटी असते, आणि शहराच्या उत्तर भागात वाऱ्याच्या दिशेनुसार कोळशाची बारीक राखही गाडीवर बसते. मातीत व वाळूत असणाऱ्या क्वार्ट्झची कठिणता मोहस मापनश्रेणीवर ७ असते, तर चाकूच्या पोलादाची साडेपाचच्या आसपास. गाडीचा पारदर्शक थर या दोहोंपुढे कितीतरी मऊ असतो. अशा धुळीवर कोरडे किंवा ओलसर फडके फिरवणे म्हणजे अतिशय बारीक घासकागद फिरवण्यासारखेच आहे, आणि ते वर्षातून तीनशे वेळा घडते. मी त्यांना म्हटले, ‘भाऊ, माझी गाडी कोरडी पुसू नका, पाणी नसेल तर त्या दिवशी राहू द्या.’ त्यावर ते म्हणाले, ‘साहेब, नाही पुसली त लोकं म्हणतात हा आलाच नाही.’ त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. गाडी रोज पुसलेली दिसली पाहिजे हा आग्रह आपला आहे, एकच फडके आपणच दिलेले आहे, आणि ओरखड्यांचा दोष त्यांच्या हाताला देणे अन्यायाचे आहे. आम्ही काहींनी मिळून असे ठरवले की रोजचे पुसणे फक्त काचांपुरते ठेवावे आणि आठवड्यातून दोनदा पाण्याने धुणे व्हावे, मोबदला मात्र तोच राहावा. त्यांचा वेळ वाचला, आणि माझ्या बॉनेटवर गेल्या हिवाळ्यात केलेले काम अजून टिकून आहे.

धुण्याची पद्धत अशी ठेवावी. आधी नुसत्या पाण्याची धार वरून खाली सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग एका बादलीत गाडीसाठीचा शाम्पू आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी घेऊन, फडके प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात पिळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. फडके मायक्रोफायबरचे असावे आणि चाकांसाठी व दाराच्या खालच्या भागासाठी वेगळे असावे. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी पुन्हा रंगाला लावू नये. भांडी घासायचे द्रव मेणाचा थर उतरवते, म्हणून ते टाळावे. बोअरचे पाणी वापरत असाल तर ते उन्हात वाळू देऊ नये, कारण त्यातील क्षारांचे पांढरे गोल डाग बसतात आणि ते घालवण्यासाठी पुन्हा पॉलिश करावे लागते. सकाळी सातच्या आत धुऊन लगेच कोरडे टिपून घेणे, घासून नव्हे तर फडके ठेवून उचलून, हा उपाय मला पुरला आहे.

कव्हरबद्दल एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घातले आणि एप्रिल-मे महिन्यांत वावटळ सुटली, की ते कव्हर तासन्‌तास गाडीवर घासत राहते. छताच्या कडा, आरशांचे कोपरे आणि डिकीच्या वरची धार या ठिकाणी रंग मंद झालेला दिसला तर तो कव्हरचा परिणाम समजावा. धुतलेल्या गाडीवर, नीट आवळून बांधता येणारे कव्हरच घालावे. अन्यथा उघडी गाडी बरी.

टवके आणि खोल चरे

समृद्धी महामार्गावर किंवा जबलपूरच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे राहिल्याने बॉनेटच्या पुढच्या भागावर जे टवके उडतात, ते घरी दुरुस्त करता येतात आणि माझ्या मते घरीच करावेत. मोहरीएवढ्या चार टवक्यांसाठी अख्खे बॉनेट रंगवणे म्हणजे कारखान्यातला मूळ थर गमावणे होय. कारखान्यात नुसता सांगाडा असताना, त्यात प्लास्टिक, वायरी आणि इंधन काहीच नसताना, रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसवर भाजलेला असतो. तयार गाडी इतकी तापवता येत नाही. वर्कशॉपच्या बूथमध्ये हार्डनर (रंग कठीण करणारे द्रव्य) मिसळलेला रंग ६० अंशांच्या आसपास वाळवतात. तो चांगला असतो, पण जे आहे ते वाचवता येत असेल तर वाचवावे.

नेमकी छटा मिळवण्यासाठी रंगाचा संकेतांक शोधावा. तो बहुधा चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेला असतो. त्या संकेतांकाचा टचअप रंग, वेगळे क्लिअर, प्रायमर, २००० आणि ३००० क्रमांकाचे वॉटर पेपर (ओले करून वापरायचे घासकागद), अगदी बारीक टोकाचा ब्रश किंवा दात कोरण्याची लाकडी काडी एवढे साहित्य पुरते. बाटलीच्या झाकणाला असलेला ब्रश वापरू नये. तो टवक्यापेक्षा मोठा असतो आणि त्याने भोवती रंगाचा उंचवटा तयार होतो. तो उंचवटाच लोकांना दुरून दिसतो आणि ‘टचअप वाईट असते’ असे मत पडते.

टचअप निघून येण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे खाली राहिलेले मेण किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिश. शाम्पूने धुतलेली जागा स्वच्छ दिसते पण स्वच्छ नसते. तिथे अल्कोहोल-पाण्याचे मिश्रण दोनदा, दोन वेगळ्या फडक्यांनी पुसून घ्यावे आणि नंतर बोट लावू नये. रंग लावताच तो बारीक खळग्यांच्या रूपात आक्रसून दूर सरकला, तर खाली सिलिकॉन आहे असे समजून लगेच पुसून टाकावे आणि पुन्हा स्वच्छ करावे. टवक्याची कड सैल असेल तर लाकडी काडीने ती आधी उचलून काढावी. सैल कडेवर लावलेला रंग त्या कडेबरोबरच जातो.

पत्रा उघडा असेल तरच प्रायमरचा एक ठिपका द्यावा. मग रंग दोन-तीन पातळ थरांत, प्रत्येक थरामध्ये किमान वीस मिनिटे ठेवून भरावा आणि भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खालीच थांबावे, कारण वर क्लिअरला जागा लागते. क्लिअर मात्र किंचित वर येईल असे भरावे. यानंतर आठवडाभर त्याला हात लावू नये. घाई करणाऱ्यांची दुरुस्ती इथेच बिघडते : वरून कोरडा वाटणारा ठिपका आतून मऊ असतो, वॉटर पेपरने घासताच तो ओढला जातो किंवा पुढच्या महिन्यात आक्रसून खड्डा पडतो. आठवड्यानंतर वॉटर पेपरचा छोटा तुकडा पेन्सिलीच्या मागच्या सपाट टोकावर चिकटवून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त त्या ठिपक्यावर २००० आणि मग ३००० क्रमांकाने हलके समतल करावे आणि शेवटी पॉलिश करावे. मेण किंवा कोटिंग महिनाभरानंतर लावावे.

नागपुरात हे काम केव्हा करावे, याचे उत्तर कामाइतकेच महत्त्वाचे आहे. २३ मे २०१३ रोजी या शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. ४५ अंशांचा दिवस तर जवळजवळ दर मे महिन्यात येतो आणि अशा दिवशी गडद बॉनेटचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो. त्यावर लावलेल्या रंगातील थिनर रंग पसरण्यापूर्वीच उडून जातो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो. रंगकामात जगभर या दोषाला याच फळाचे नाव आहे. पावसाळ्यात उलट घडते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि क्लिअर दुधाळ पडते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, सावलीत, सकाळी नऊ ते अकरा हा काळ मला सर्वांत अनुकूल वाटतो. तळहात पत्र्यावर सुखाने ठेवता येतो, एवढीच उष्णता असावी.

पण जूनमध्ये पत्रा उघडा पडला तर नोव्हेंबरची वाट पाहू नये. जागा स्वच्छ करून, कोरड्या दिवशी प्रायमर आणि रंगाचा एक ओबडधोबड थर देऊन ठेवावा. नीटस काम हिवाळ्यात करता येते.

पावसाळ्यानंतर फुगणारा ठिपका

माझ्या मागच्या दारावरचा तो ठिपका तीन वर्षे का फुगत राहिला, हे चौथ्या वर्षी तो पूर्ण खरवडून काढल्यावर कळले. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली गंज वाढू लागला की तो रंगाला आतून वर ढकलतो आणि फोड दिसतो. फोडाचा व्यास जेवढा दिसतो त्यापेक्षा खाली गंज अधिक दूर पसरलेला असतो. मी दर वर्षी फक्त फोडाएवढा भाग घासत होतो आणि भोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या रंगाखाली उरलेला गंज पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कामाला लागत होता.

उपाय कष्टाचा आहे पण गुंतागुंतीचा नाही. चहूबाजूंनी चकचकीत पत्रा दिसेपर्यंत आणि त्यापुढेही अर्धा सेंटिमीटर रंग घासून काढावा. खाचांत उरलेल्या काळसर गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनिवारक लावावे, डबीवरील सूचनेप्रमाणे वेळ द्यावा आणि पूर्ण स्वच्छ करून त्याच दिवशी प्रायमर मारावा, कारण उघडा पत्रा रात्रभराच्या दमटपणातही गंजू लागतो. लांबी (खड्डा बुजवण्याची पुट्टी) भरायची असेल तर ती प्रायमरनंतर आणि पातळ भरावी. थेट गंजावर लांबी भरून वरून रंग मारलेली जागा पुढच्या पावसाळ्यात हमखास उकलते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, ती चिखलाने बुजलेली असतील तर दाराच्या आत पाणी साचते आणि गंज आतून बाहेर येतो. माझ्या दाराची दोन्ही छिद्रे बुजलेली होती. ती तारेने मोकळी केली नसती तर बाहेरून केलेले सगळे काम पाचव्या वर्षीही वाया गेले असते.

वर्कशॉपमध्ये द्यायचे झाल्यास

चरा हातभर लांब असेल, पत्रा दबला असेल किंवा क्लिअरचे पोपडे निघत असतील, तर काम कारागिराकडे द्यावे. हार्डनर मिसळलेला रंग घरी फवारण्याचा मोह टाळावा. त्यातील आयसोसायनेट हे रसायन श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांना गंभीर अपाय होतो आणि साधा कापडी मुखपट्टा त्यापुढे निरुपयोगी असतो. कारागिराला दोन गोष्टी आधी विचाराव्यात : रंग हार्डनरचा आहे का, आणि छटा जुळवण्यासाठी तो शेजारच्या दारावर हलकी फवारणी ओढून नेणार का. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते फवारणीच्या दाबानुसार वेगवेगळ्या कोनांत बसतात, त्यामुळे संकेतांक अचूक असूनही दार समोरून जुळते आणि तिरपे पाहिल्यास गडद दिसते. रंगाची ओळ शेजारच्या भागात विरवली तरच हा फरक डोळ्यातून सुटतो. साध्या पांढऱ्या रंगात ही अडचण फारशी येत नाही. पूर्वी केलेले काम कशाचे आहे याची शंका असल्यास, दाराच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या ठिकाणी फडक्यावर थोडा थिनर घेऊन पुसावे. रंग फडक्यावर सहज उतरला तर तो हार्डनरचा नव्हता. बंपरच्या बाबतीत प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर लावणार का हेही विचारावे, कारण तो नसेल तर रंग सालीसारखा निघतो.

विम्याचा दावा करण्यापूर्वी हिशेब मांडून पाहावा. पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत मिळणारी हप्त्यातील सवलत एका लहान दाव्याने जाते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात १००० रुपये आणि त्यावरील गाडीला २००० रुपये स्वतः भरावे लागतात. शून्य घसारा जोडणी (जुनेपणाची वजावट होऊ न देणारे जादा संरक्षण) घेतलेली नसल्यास रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. रंगकामाचे बिल एकत्रित असेल तर त्याचा २५ टक्के भाग साहित्याचा धरतात. एका दाराच्या चऱ्यासाठी बहुतेकदा स्वतः पैसे देणेच परवडते.

काम कुठेही झालेले असो, पहिला पाऊस पडून गेल्यावर दुरुस्त केलेल्या जागेच्या कडेवरून एकदा बोट फिरवावे. कड गुळगुळीत लागली तर पुढे काही करायचे नाही. ती किंचित उचललेली लागली तर फोड येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात, कोरडा दिवस पाहून, ती खरवडून प्रायमरने बंद करावी.